शाळा सुटते, पोरं घरी जात नाहीत

संध्याकाळी शाळेची घंटा वाजली की पोरं दप्तर पाठीला लावून घराकडे धूम ठोकतात. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत घंटा तशीच वाजते, वर्ग तसेच रिकामे होतात, पण पोरं पन्नास पावलं चालून थांबतात. समोरच्या दुसऱ्या इमारतीत त्यांच्या पत्र्याच्या पेट्या ओळीनं लावलेल्या असतात. घर म्हणजे सध्या ती पेटी.

इथे एक साधं गणित मांडून पाहा. वर्ग भरतो जेमतेम सहा-साडेसहा तास. दिवस चोवीस तासांचा. म्हणजे जिथे पोरं राहतात त्या शाळेत फळा, खडू आणि पाढे यांच्या वाट्याला दिवसाचा पाव भाग येतो. उरलेल्या साडेसतरा तासांत कुणीतरी भाकरी थापायची, ताप आलेल्या कपाळावर हात ठेवायचा, भांडणं सोडवायची आणि सहा वर्षांचं पोर रात्री दचकून उठलं तर त्याला पुन्हा निजवायचं. शिक्षणाबद्दल आपण एवढं बोलतो, पण या साडेसतरा तासांबद्दल फारसं बोलत नाही. आणि खरी नवलाई तिथेच आहे.

मुळात इथे पोरांना शाळेत ठेवून घ्यावं का लागतं? नकाशावर नाही, डोंगरावर उभं राहून पाहिलं की उत्तर सापडतं. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा दोन चेहऱ्यांचा आहे. दक्षिणेला तापीकाठची सपाटी, कापूस, केळी आणि नंदुरबारचा लाल मिरचीचा बाजार. उत्तरेला अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचे डोंगर, ते थेट नर्मदेत उतरणारे. या डोंगरांत गाव म्हणजे घरांचा पुंजका नव्हे. एक घर या उतारावर, दुसरं समोरच्या टेकाडावर, आणि मधे नाला. एका गावाचे दहा पाडे असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस मोडू शकतो. पावसाळ्यात नाले फुगले की तोही रस्ता संपतो. दिवाळीनंतर कित्येक आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, मग घराला कुलूप. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख होती. त्यातले 69 टक्के लोक आदिवासी होते, आणि साक्षरतेत नंदुरबार राज्यात सर्वांत शेवटी होता. असल्या भूगोलात रोज शाळेत येणं-जाणं जमणार नाही. पोराला शाळेतच राहावं लागतं.

आता हीच अडचण घेऊन पंधराशे वर्षं मागे आणि कित्येक हजार मैल पश्चिमेला जाऊ या. इटलीतल्या मोन्ते कासिनो नावाच्या डोंगरावर सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या संन्याशानं आपल्या मठासाठी एक नियमावली लिहिली. प्रकरणं 73. युरोपातले कॅथलिक मठ आणि पुढे मठांतल्या निवासी शाळा शतकानुशतकं तिच्या आधारे चालल्या. धर्मग्रंथासारखं काही गहन वाचायला मिळेल म्हणून आपण ती उघडतो, आणि हाती लागते ती जवळपास वसतिगृह अधीक्षकाची वही.

झोपायचं कसं, यावर एक अख्खं प्रकरण आहे. प्रत्येकाला वेगळा बिछाना. खोलीत रात्रभर, थेट उजाडेपर्यंत, दिवा जळता ठेवायचा. आणि लहान वयाच्यांचे बिछाने एकमेकांशेजारी लावायचे नाहीत, मोठ्यांच्या मधे मधे लावायचे. दुसरं प्रकरण स्वयंपाकघराचं. आठवड्याची पाळी लागते. आजाऱ्याला आणि फार महत्त्वाच्या कामात असलेल्याला तेवढी सूट. शनिवारी पाळी संपली की भांडी घासूनपुसून, एकही न फोडता, कोठारावरच्या माणसाकडे परत करायची, म्हणजे काय दिलं आणि काय घेतलं याचा हिशेब राहतो. वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडा पाव आणि पेय द्यायचं. का, तर कुरकुर न करता वाढता यावं म्हणून! पंगतीत वाढप्याच्या पोटात कावळे ओरडत असले की भाजी कशी आपटली जाते, हे त्या संन्याशाला ठाऊक होतं. मुलांना आणि म्हाताऱ्यांना मात्र जेवणाचा कडक नियम नाही. भूक लागली तर वेळेआधी खाऊ द्यावं, असं तो लिहितो.

सातपुड्यातल्या आश्रमशाळेत ही नियमावली कुणी वाचलेली असण्याचं कारण नाही. तरी तिथल्या दिवसाची मांडणी पाहा: पहाटेची घंटा, परिपाठ, जेवणाच्या आधी आणि निजण्याआधी हजेरी, कोठीच्या किल्ल्या, व्हरांड्यात रात्रभर जळणारा दिवा. अधीक्षक आहे, अधीक्षिका आहे, स्वयंपाकी आणि कामाठी आहेत. एकानं दुसऱ्याचं पाहून हे उचललेलं नाही. परक्याची पोरं रात्रभर सांभाळायची म्हटलं की माणूस कुठल्याही शतकात त्याच चार-पाच प्रश्नांशी येऊन ठेपतो आणि बहुधा तीच उत्तरं शोधून काढतो.

एका बाबतीत मात्र फरक आहे, आणि तो लहान नाही. बेनेडिक्टच्या काळी आईबाप मूल मठाला अर्पण करत. विनंतीचा कागद आणि पोराचा हात, दोन्ही वेदीच्या वस्त्रात गुंडाळायचे. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नाही त्यांनी साक्षीदारांसमोर फक्त कागद द्यायचा. ते मूल आता जन्मभर मठाचं. प्रवेशाच्या अर्जावर अंगठा उठवणारा आपल्याकडचा बाप त्या दृश्यात चटकन ओळखू येतो. पण हा बाप पोर देऊन टाकत नाही, ठेवायला देतो. निवासी शाळेच्या इतिहासात सर्वांत मोठा शोध कुठला, असं विचारलं तर मी म्हणेन: सुट्टी.

त्या सुट्टीचं इथलं नाव होळी. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते आणि तिच्या आधीच्या दिवसांत भोंगऱ्या बाजार भरतात. तेव्हा पोरं ढोलाच्या आवाजाच्या दिशेनं डोंगर चढू लागतात. ज्या शाळेनं हे समजून घेतलं, तिथे पेट्या पुन्हा परत येतात.

बेनेडिक्टच्या नंतर युरोपात मठांभोवती रीतसर शाळा वाढल्या. जेझुइट संघानं 1599 मध्ये आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी अभ्यासाचा एक सविस्तर आराखडाच छापला. इंग्लंडात ‘प्रेप स्कूल’ नावाचा प्रकार रुजला. मोठ्या शाळेत जाण्याआधी, साधारण तेराव्या वर्षापर्यंत, पोराला तयार करणारी ती शाळा. तिथल्या निवासी शाळांत संध्याकाळच्या सक्तीच्या अभ्यासालाही ‘प्रेप’च म्हणतात. म्हणजे आपल्या पोरांचा जेवणाआधीचा अभ्यास, तोच. तिथल्या कॅथलिक निवासी शाळा कित्येकदा गावापासून दूर, शेतांच्या मधे असायच्या. इंग्लंडातल्या डाउनसाइडची शाळा सुरू करणाऱ्या संन्याशांचा मठ 1606 मध्ये आजच्या फ्रान्समध्ये स्थापन झाला आणि 1814 मध्ये सॉमरसेटच्या खेड्यात आला. पण मुलगे आणि मुली एकत्र? ते फार उशिरा. 1929 मध्ये पोप अकरावे पायस यांनी सहशिक्षणाला स्पष्ट नापसंती दर्शवली होती. डाउनसाइड पूर्णपणे सहशिक्षणाची झाली ती थेट 2005 मध्ये. सातपुड्यातल्या कित्येक आश्रमशाळांत मात्र मुलगे-मुली कधीपासून एकाच वर्गात बसतात आणि रात्री वेगवेगळ्या इमारतींत झोपतात.

मिशनच्या शाळेची खूण नंदुरबार शहरातही आहे, पण ती प्रोटेस्टंट. एस. ए. मिशन हायस्कूलमधलं ‘एस. ए.’ म्हणजे स्कँडिनेव्हियन अलायन्स. हे मिशन स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये शिकागोत उभं केलं. कुठलं शिकागो, कुठला खानदेश! कॅथलिकांच्या हिशेबात हा जिल्हा 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. आणि ‘कॉन्व्हेंट’ हा जोगिणींच्या मठाचा शब्द आपण मराठीत असा वाकवला की आता कुठलीही इंग्रजी माध्यमाची शाळा कॉन्व्हेंट होते, मग तिथे जोगीण असो वा नसो.

आपल्या आश्रमशाळेचं मूळ वेगळ्या माणसाकडे जातं, आणि तो माणूस होता इंजिनियर. अमृतलाल ठक्कर ऊर्फ ठक्कर बाप्पा, जन्म 1869, शिक्षण पुण्यात, नोकरी मुंबई महापालिकेत. 1914 मध्ये नोकरी सोडून ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. नर्मदा ओलांडून उत्तरेला, दाहोदला त्यांनी 1922 मध्ये भील सेवा मंडळ सुरू केलं. भिल्लांच्या पोरांनी राहून शिकावं अशा आश्रमांची वाट तिथून पडली. ठक्कर बाप्पांच्या त्या वाटेवर आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत.

नंदुरबारच्या नर्मदाकाठानं मात्र आपली निराळीच शाळा घडवली. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाबरोबर तिथे जीवनशाळा उभ्या राहिल्या. लाकूड, बांबू आणि श्रम गावाचे. पोरं तिथेच राहायची, आपल्या बोलीत शिकायला सुरुवात करायची, झाडपाला आणि नदी हेही अभ्यासाचेच विषय. पाणी चढत गेलं तशी काही शाळांनी जागा बदलली. शाळाच बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढली, असं म्हणायचं.

बोलीचा उल्लेख आला, आणि या शाळांचं सर्वांत अवघड कोडं तेच आहे. पहिलीत बसलेलं पोर घरी पावरी बोलतं, किंवा देहवाली, मावची, नोईरी. भाषातज्ज्ञ ग्रियर्सननं भारताच्या भाषा मोजायला घेतल्या तेव्हा भिल्ली बोलींसाठी 1907 मध्ये स्वतंत्र भागच काढावा लागला. त्यांचं नातं मराठीपेक्षा गुजरातीशी जवळचं. देहवालीत आई म्हणजे ‘याहा’. देवमोगऱ्याची देवी याहामोगी ती हीच आई. अशा पोरासमोर पहिल्या दिवशी येतो ‘आ आईचा’. चित्र ओळखीचं, शब्द परका. मराठी ही त्याच्यासाठी शिकायची भाषा असते आणि तिच्यातूनच गणितही शिकायचं असतं.

यातून वाट काढायची कशी, याचा एक धडा जुन्या पाद्र्यांनी घालून ठेवला आहे. मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्याला आलेले जेझुइट फादर स्टीफन्स आधी इथली भाषा शिकले आणि मग त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, 1616 मध्ये छापलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण क्रम अचूक होता: ज्याला शिकवायचं त्याची भाषा आधी आपण शिकायची.

साडेसतरा तासांना काळी बाजूही आहे. डोंगरात माणूस आजारी पडला तर त्याला झोळीत घालून, बांबूला टांगून खांद्यावरून रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. नंदुरबारकरांनी त्याला कडवट विनोदानं नाव दिलं आहे ‘बांबुलन्स’. अशा ठिकाणी पोराचा रात्रीचा ताप ही किरकोळ बाब राहत नाही. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची कारणं शोधायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला 2016 मध्ये अहवाल द्यावा लागला. शाळेची तपासणी करणाऱ्यांनी वह्या जरूर बघाव्यात, पण त्याआधी रात्री दोन वाजता बघावं की दिवा जळतो का आणि जागं कोण आहे.

आणि तरीही या रात्री काहीतरी असं घडतं की ते कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. जूनमध्ये नवी आलेली पोर अंथरुणात मुसमुसते. शेजारी तिच्याच पाड्यावरची, सातवीतली थोरली निजलेली असते. ती कूस बदलते आणि पावरीत हळूच विचारते, काय झालं? मग गुरुजी दुपारी फळ्यावर काय म्हणाले, कोठीवाली मावशी मराठीत का ओरडली, उद्या हजेरीला काय म्हणायचं, हे सगळं कुजबुजत्या पावरीत उलगडतं. वर्गात अडकलेला धडा अंथरुणावर सुटतो. लहानांचे बिछाने मोठ्यांच्या मधे लावा, असं बेनेडिक्टनं का लिहिलं असेल, याचं एक उत्तर मला तिथे सापडतं. कुजबुज थांबते, दोघी झोपतात, आणि व्हरांड्यातला दिवा उजाडेपर्यंत तसाच राहतो.