परवाना नको, पण कायदा आहेच

टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून, वयाची 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि शस्त्र बाळगायला मनाई नसलेल्या माणसाला शर्टाखाली पिस्तूल लपवून हिंडायला परवाना लागत नाही. आधी त्यासाठी अर्ज, बोटांचे ठसे, चार ते सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा होती. सवलतीला तिथल्या अनेक पोलीस प्रमुखांनी विरोध केला होता. मला त्यांचं पटतं. पिस्तूल कुठे न्यायचं नाही, हे त्या वर्गात कळायचं. आता वर्ग सक्तीचा नाही, मनाई मात्र तशीच आहे.

ही मोकळीक तशी जुनी. व्हर्मांटमध्ये रटलंड शहराने घातलेली परवानगीची अट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1903 मध्येच उडवली. मग 2003 मध्ये अलास्का, 2010 मध्ये ॲरिझोना आणि पुढे रांगच लागली. आज अशी 29 राज्यं आहेत.

गोंधळ होतो तो राज्याचा कायदा आणि संघराज्याचा कायदा यांच्यामध्ये. संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून 1000 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 300 मीटर, भरलेलं पिस्तूल जवळ ठेवणं गुन्हा आहे. त्या राज्याचा परवाना असेल तर सूट, स्वतःच्या घरात असाल तरी सूट. पण विनापरवाना पिस्तूल खोचून किराणा आणायला निघालेला माणूस, वाटेत शाळा आहे हे ठाऊक असून, तिच्यासमोरच्या रस्त्याने गेला तर राज्याच्या लेखी निर्दोष आणि संघराज्याच्या लेखी गुन्हेगार ठरतो. शाळा टाळून गावात फिरायचं कसं?

दुकानांच्या दारांवरही बघा. टेक्सासात 30.05 क्रमांकाच्या कलमाची पाटी दिसते, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान इंचभर उंचीच्या अक्षरांत. ती विनापरवाना पिस्तूलवाल्याला अडवते, परवानाधारकाला नाही. त्याच्यासाठी 30.06 ची पाटी वेगळी. परवाना मागणाऱ्या दुसऱ्या राज्यात जातानाही परवानाच कामाला येतो, तोही त्या राज्याने मानला तर. म्हणून सक्ती नसली तरी तो काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या माणसांना मात्र याहून मोठा धोका आहे. डॅलस-ह्यूस्टनकडे नोकरीला गेलेली कितीतरी मराठी मुलं एच-1बी व्हिसावर असतात, त्यांच्या बायका किंवा नवरे एच-4 वर, शिकणारी एफ-1 वर. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगू नये, असा संघराज्याचा कायदा आहे. अधिकृत शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण राज्याने दिलेली मोकळीक हा अपवाद नव्हे. शिक्षा 15 वर्षांपर्यंत होऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तेव्हा ऑफिसातला मित्र ‘रविवारी रेंजवर येतोस का?’ म्हणाला, तर आधी आपला व्हिसा आठवावा आणि वकिलाला विचारावं. नागरिक झालेल्या मुलाकडे आई-बाबा पर्यटक व्हिसावर आले असतील, तर पिस्तूल कुलपात ठेवावं. ‘बाबा, धरून तर बघा’ म्हणत ते त्यांच्या हातात देऊन फोटो काढणंही दोघांना अडचणीत आणू शकतं.