वाण परत करायचं नसतं!

मैत्रिणींनो, लेक स्वयंसेविका म्हणून परदेशी गेली, की जीव टांगणीला लागतो ना? परक्या गावात सणावारी तिला कोण विचारणार!

बेल्जियममधल्या बँश गावचा कार्निव्हल पाहा. ईस्टरपूर्वीच्या उपवासांआधीचा मंगळवार. पहाटेच घरोघरी ‘झील’ नटतात. अंगरख्यात पेंढा, कमरेला घंटा, पायांत लाकडी बूट. हा मान फक्त पुरुषांचा, बरं का! दुपारी शहामृगाच्या पिसांचे टोप घालून, ढोलाच्या तालावर ते संत्री उधळतात. खिडक्यांना जाळ्याच लावाव्या लागतात! गावची असो वा पाहुणी, संत्रं हातात पडलं की तो शुभप्रसाद. परत भिरकावलं तर मात्र अपमान.

हळदीकुंकवाचं वाण आपण परत करतो का? मग लोणच्याच्या बरणीबरोबर लेकीला एवढं सांगाच: प्रेमानं आलेलं दोन्ही हातांनी घे.