उधारीचं नाक

उत्तनला बसमधून उतरलं की आधी सुक्या बोंबलांचा वास येतो, मग समुद्र दिसतो. तिथल्या माझ्या जुन्या मित्राला २०२१ साली करोना झाला आणि त्याचा वासच गेला. बोंबील, मोगरा, बायकोच्या हातचं कालवण, त्याला सगळं सारखंच.

गेल्या नाताळात त्याच्या जावयाने व्हिस्कीची बाटली आणली. मित्र म्हणाला, “मला नुसतं गरम पाणी लागतं रे. शायर, मी पितो, तू वास घे आणि सांग.” मी दारूला शिवत नाही. माझ्या गझलांत प्याले पुष्कळ, पण हातात नेहमी चहाचाच. तरी वास घ्यायला काय हरकत, म्हणून बसलो.

बाटली होती नाशिकजवळच्या दिंडोरीची, २०२२ साली बाजारात आलेली ‘लाँगिट्यूड ७७’. मोड आणलेल्या जवाची ही व्हिस्की आधी अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते आणि शेवटी वाइनच्या पिंपांत. अमेरिकेत बर्बन आणि राय या धान्याची व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडातच मुरवावी लागते. म्हणून तिथली वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. रायच्या व्हिस्कीलाही काही जण शेवटी असंच वाइनचं पिंप देतात.

यात गंमत लाकडाची आहे. ओक तापवला की त्यातून व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य सुटतं. वाइनच्या पिंपाच्या फळ्यांत वाइन मुरलेली असते. तिचा रंग, फळांचा वास आणि थोडा तुरटपणा व्हिस्की ओढून घेते. मुक्काम लांबला तर मात्र वाइनच वरचढ होते. मुरताना काही भाग उडूनही जातो. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के, आपल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. त्याला तिकडे फरिश्त्यांचा वाटा म्हणतात!

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची चव नाकाची. घास किंवा घोट तोंडात असताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. ती वाट बंद झाली की व्हिस्कीचा नुसता चटका उरतो.

मी पेला नाकाशी नेला. आधी डोळ्यांत पाणी आलं. मग तोंड किंचित उघडं ठेवून पुन्हा हुंगलं. “व्हॅनिला. सुताराकडचा ताजा भुसा. आणि मनुका, शीरखुर्म्यासाठी भिजत घातलेल्या.”

“मनुका? आमच्या आईच्या नाताळच्या केकमध्ये असायच्या, तशा?”

“तशाच.”

त्याने घोट घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिला.

“आला वास?” मी विचारलं.

“नाही रे,” तो म्हणाला, “पण आई आठवली.”

आता मी गेलो की तो आधी मला स्वयंपाकघरात नेतो. दूध नासलं नाही ना, गॅस कुठे सुटत नाही ना, ते मी हुंगून सांगतो. मग आम्ही चहा घेतो.