बोंबलाचे ऊन, जपानचा धूर

दिवेआगरच्या एका वाचकाची पृच्छा अशी की, जपानी माणूस मासे खाऊन दीर्घायुषी होत असेल, तर माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा रतीब आपणही लावावा काय. त्या गृहस्थांनी आधी शेखाडीच्या वाटेवरील भरडखोलपर्यंत पायपीट करावी. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर टांगतात, तेव्हा त्यांस मिठाचा कणही लागत नाही, कारण बोंबलात पाणी मुबलक आणि चरबी नाममात्र. उलट जाड मांसाचा, तेलकट बांगडा ऊन आत पोहोचण्यापूर्वीच नासू लागतो, म्हणून तो खारवावा लागतो. हृदयास हितकर म्हणून वाखाणलेले तेल शोधायचे ते ताज्या तारलीत नि बांगड्यात.

जपानी कारागीरही कात्सुओबुशी नावाच्या सुक्या माशासाठी कमी चरबीचाच मासा पसंत करतात. कुप्याच्या कुळातला हा मासा उकडून, काटे काढून, पुनःपुन्हा धुरी देऊन, वर बुरशी चढवून उन्हात वाळवला की इतका कठीण होतो की स्वयंपाकघरात तो सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर तासावा लागतो! १९०८ साली रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या सागरी शेवाळातून ग्लुटामेट हे रुचिद्रव्य वेगळे केले व त्यांचे नाव जगभर गाजले. परंतु १९१३ साली कात्सुओबुशीची रुची इनोसिनेटात आहे, हे हुडकणारा त्यांचा शिष्य शिंतारो कोदामा मात्र पाठ्यपुस्तकांच्या दफ्तरी तळटिपेपुरताच उरला. माशाच्या स्नायूंतील शक्तिद्रव्य मरणोत्तर विघटित होताना हे द्रव्य निपजते, आणि ग्लुटामेटाच्या संगतीत दोहोंची रुची बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. त्यामुळे जेवणात मीठ कमी पडले तरी जिभेची तक्रार येत नाही.

तथापि जपानी आहाराची आरती ओवाळणाऱ्यांनी अकिता प्रांत विसरू नये. १९५०च्या दशकात तेथे दरडोई रोज सुमारे २६ ग्रॅम मीठ पोटात जाई, आणि मासे खाऊनही मेंदूतील रक्तस्रावाने माणसे अकाली दगावत. गोळ्यांच्या बाजूने २००७ सालच्या एका जपानी प्रयोगाचा दाखला देतात. त्यात हृदयविकाराच्या घटना १९ टक्क्यांनी घटल्या, हे खरे, पण ते रुग्ण वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे, सर्वांना स्टॅटिनचे औषध चालू, आणि तेलही शुद्ध केलेले. दिवेआगरच्या धडधाकट माणसास तो न्याय लागू होत नाही.

एक बाब राहिली. कोदामांचे ते रुचकर द्रव्य शरीरात अखेर यूरिक आम्लातच रूपांतरित होते. तेव्हा रात्री ज्यांच्या पायाचा अंगठा ठणकतो, त्यांनी सुक्या माशाचा वासच घ्यावा.