मधुमेह आणि आपले फॅमिली डॉक्टर

मधुमेहाचा रुग्ण आमच्या रुग्णालयात वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो. एरवी तो आपल्या फॅमिली डॉक्टरांच्याच देखरेखीखाली असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्यांना पुरतील एवढे तज्ज्ञ उपलब्ध नाहीत. म्हणूनच या उपचारांचा मुख्य भार फॅमिली डॉक्टरांवरच राहणार आहे.

आमचा अनुभव असा, की त्यांचे निदान बहुधा अचूक असते. उणीव राहते ती पाठपुराव्यात. उपाशीपोटी तपासलेली साखर त्या दिवसापुरती बोलते. दोन दिवस पथ्य केले की ती खाली येते. मागील सुमारे तीन महिन्यांचा हिशेब 'एचबीए१सी' या तपासणीत उतरतो. बहुतेक प्रौढांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत असावे. ते ९ वर गेले तरी "पथ्य पाळा, पुढच्या महिन्यात पाहू" असे होत राहते. इन्सुलिनचे नाव काढताच रुग्ण धास्तावतो आणि डॉक्टरही आग्रह धरीत नाहीत. वस्तुतः साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे व मूत्रपिंडे यांचे विकार कमी होतात, हे ब्रिटनमधील प्रदीर्घ अभ्यासाने १९९८ सालीच दाखवून दिले आहे.

दुसरी उणीव पायांची. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि तळपायांची संवेदना तपासणे आवश्यक आहे. गर्दीच्या दवाखान्यात रुग्णाच्या चपला उतरवून तळवे पाहणे राहून जाते. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणून रुग्णही काही सांगत नाही. तो आमच्याकडे येतो तेव्हा कित्येकदा बोट वाचविण्याची वेळ टळून गेलेली असते.

हा दोष एकट्या फॅमिली डॉक्टरांचा नव्हे. घरी जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णासोबत त्यांच्यासाठी सविस्तर पत्र देणे हे आमचे कर्तव्य होते. त्यात आम्हीही कमी पडलो, हे येथे नमूद करतो.

नातेवाइकांना विनंती, की प्रत्येक भेटीचे कागद एकाच वहीत लावावेत, रुग्णाचे तळवे रोज पाहावेत आणि वर्षातून एकदा डॉक्टरांना या चार तपासण्यांची आठवण करून द्यावी. या तपासण्यांचा खर्च गरजू रुग्णास जड जातो. तेथे आपल्या देणगीचा आधार लाभला, तर एखाद्याचा पाय वाचू शकेल.