साळुंकीचीही नोंद हवी

वर्षअखेरीस किती जाती दिसल्या, एवढाच आकडा पक्षीनिरीक्षकांच्या गटाने जपला, तर त्यातून पक्ष्यांपेक्षा निरीक्षकांची भटकंतीच अधिक कळते. दुर्मीळ पाहुण्याची नोंद हमखास होते. साळुंकी, कावळा, होला मात्र वगळले जातात. म्हणून ठिकाण, वेळ, निरीक्षणाचा कालावधी आणि दिसलेल्या प्रत्येक जातीची संख्या सांगणारी पूर्ण यादीच अभ्यासाला उपयोगी पडते. हौशी माणसांच्या नोंदींत चुका असणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच पाणवठ्यावर, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी एकत्र आल्या, की एखाद-दुसऱ्या चुकीने एकूण कल बदलत नाही; शिवाय शंकास्पद नोंदी जाणकार तपासतात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींच्या आधारे उभा राहिला. दीर्घकालीन कल ठरवता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ घटल्याचे त्यात दिसले. विजेच्या तारांवर सहज दिसणारा नीलपंखही त्यांतलाच. आज ‘नेहमीचाच’ म्हणून वगळलेला पक्षी उद्या कमी झाला, तर ती घट दाखवणारा पुरावा कोणाच्याच हाती नसेल.