मनोरा अचानक काळोखात का गेला?

समजा, मायनर प्रोजेक्टसाठी तुम्ही रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी मनोरा निवडलात. ब्राउझरमध्ये माऊसने फिरवता येईल असं थ्रीडी मॉडेल करायचं, लायब्ररी थ्री.जेएस. जुनं ट्युटोरियल बघून कोड लिहिला आणि पहिल्याच रनला एरर: 'थ्री.जॉमेट्री इज नॉट अ कन्स्ट्रक्टर'.

घाबरू नका, स्पेलिंग चुकलेलं नाही. २०२१ मध्ये आर१२५ या आवृत्तीत 'जॉमेट्री' लायब्ररीच्या गाभ्यातून काढून टाकली. ग्राफिक्स कार्डाला बिंदूंचे आकडे सलग ओळीत हवे असतात. 'बफरजॉमेट्री' ते तसेच देते, जुनीला आधी रूपांतर करावं लागायचं. ट्युटोरियल मात्र अजून तिथेच आहे.

तरी हा एरर बरा, निदान ओरडून सांगतो. खरी पंचाईत करतात ते गुपचूप झालेले बदल. २०२३ मध्ये आर१५५पासून दिव्यांच्या प्रकाशाचं डीफॉल्ट गणित बदललं. नाव तेच, कंसातले आकडे तेच, पण उजेड कमी! सबमिशनच्या आदल्या रात्री कोणी हौसेने लायब्ररी अपडेट केली की मनोरा काळोखात आणि कन्सोल एकदम स्वच्छ. मग टेक्श्चर तपासण्यात रात्र जाते. उत्तर मायग्रेशन गाइडमध्ये एका ओळीत असतं: जुना उजेड हवा तर दिव्यांची तीव्रता 'पाय'ने गुणा. हो, तोच ३.१४वाला.

टर्बो सीवर हे कधी शिकायलाच मिळत नाही. सिनियरच्या जर्नलमधला 'इनिटग्राफ' आजही डॉसबॉक्समध्ये चालतो, कारण 'ग्राफिक्स.एच'ला आता कोणी हातच लावत नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी आवृत्तीचा क्रमांक रीडमी फाइलमध्ये लिहा आणि सीडीएनच्या लिंकमध्येही घाला. बिनक्रमांकाची लिंक बहुधा सगळ्यात नवीन आवृत्ती उचलते. लॉक फाइल गिटमध्ये राहू द्या. दिवे लावणारा कोड दहा फाइलींत पसरण्यापेक्षा स्वतःच्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे उद्या 'पाय'ने गुणायचं झालं तर एकाच जागी. अपडेट करायचंच असेल तर वेगळ्या ब्रँचवर, टप्प्याटप्प्याने, आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून. गुपचूप झालेला बदल डोळ्यांनाच सापडतो.

आणि व्हायवाला 'जुनी आवृत्ती का वापरली?' असं विचारलं, तर क्रमांकासकट कारण सांगा.